कारण असलं तरी आजार तो आजारच

जोडीदार गेला, नोकरी सुटली, पीक हातचं गेलं, संसार मोडला. अशा वेळी मन खचतं, हे सगळ्यांनाच पटतं. पण ते इतकं पटतं की खचलेल्या माणसाला आजार जडलाय, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून काही रुळलेले समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज 1 : एवढं घडलंय, वाईट वाटणारच, त्यात आजार कसला?
वस्तुस्थिती : दुःखात माणूस आठवणीने रडतो, पण नातवंडं अंगाखांद्यावर आली की हसतोही. नैराश्यात जवळजवळ रोज, दिवसभर उदासी असते किंवा कशातच रस उरत नाही. झोप आणि भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असं वाटू लागतं. हे दोन आठवड्यांहून अधिक टिकलं आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर डॉक्टरांना दाखवावं. कशामुळे पडलो हे माहीत असलं, तरी मोडलेल्या हाडाला प्लास्टर लागतंच.

गैरसमज 2 : मनाने खंबीर असलेल्याला डिप्रेशन येत नाही.
वस्तुस्थिती : जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तो 1978 मध्ये पुस्तकरूपाने आला. मोठा आघात सोसलेल्या बहुतेक जणी नैराश्यात गेल्या नव्हत्या. ज्या गेल्या, त्यांच्या परिस्थितीत काही गोष्टी ठळक दिसल्या : मन मोकळं करावं असं जवळचं माणूस नाही, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं, बाहेर नोकरी नाही, बालपणीच आई गेलेली. यातली एकही गोष्ट खंबीरपणाच्या अभावाची नाही. आनुवंशिकतेचाही वाटा असतो, आणि तोही कुणी निवडलेला नसतो.

गैरसमज 3 : मोठा धक्का बसल्याशिवाय नैराश्य येत नाही.
वस्तुस्थिती : पहिल्या वेळी मागे मोठी घटना असण्याची शक्यता अधिक असते. आजार वारंवार उलटला, तर पुढे लहानसा ताणही पुरतो. कधी कारण सापडतही नाही. आजार असा पुन्हा उलटू नये म्हणूनच, बरं वाटू लागलं तरी औषधं आपल्या मनाने बंद करू नयेत.

गैरसमज 4 : सतत विचार केला की मार्ग सापडतो.
वस्तुस्थिती : ऑक्टोबर 1989 मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी त्याआधीच स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मानसिक स्थिती नोंदवली होती. आपल्या उदासीचाच विचार घोळवत बसण्याची सवय असलेल्यांमध्ये भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं अधिक दिसली. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न माणसाला तिथेच अडकवतो. ‘उद्या सकाळी काय करता येईल?’ हा प्रश्न पुढे नेतो. कर्जाचे हप्ते बँकेत जाऊन बदलून घेता येतात, तिथे खटपट करावी. गेलेलं माणूस परत येत नाही, तिथे दुःखाला वाट द्यावी, सोबत शोधावी.

गैरसमज 5 : नुसतं बोलून काय होणार?
वस्तुस्थिती : याचं उत्तर गोव्यात मिळालं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत काम केलं. मन लागेल तेव्हा करू, असं न म्हणता छोटी, उपयोगी, आनंद देणारी कामं आधी सुरू करायची आणि अडचणी एकेक करून सोडवायच्या, ही त्यांची पद्धत. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ही मदत न मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. काहींना याच्या जोडीला औषधं लागतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी असं खचलं असेल, तर ‘होईल सगळं ठीक’ म्हणून उठू नका. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का, हे स्पष्ट विचारा. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट माणूस बोलता होतो. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टर गाठा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मराठीतून बोलता येतं.