रकाना कुणी, कशासाठी भरला?

मॉरिशसच्या मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे भारतीय स्थलांतराचा दप्तरखाना जपलेला आहे. 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख करारमजूर भारतातून या बेटावर उतरले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून निघालेल्या या माणसांच्या जाडजूड नोंदवह्या इथे आहेत. मुंबईहून गेलेल्यांमध्ये रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतले मराठी लोक मोठ्या संख्येने होते. त्यांचे वंशज आजही कास्कावेलसारख्या गावांत गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. या वंशजांपैकी कुणी जेव्हा आपला पहिला पूर्वज शोधू लागतो, तेव्हा तो या वह्यांपाशी येतो आणि बहुतेक वेळा आडनाव घेऊन येतो. तिथेच त्याची वाट चुकते. या दप्तरात माणूस सापडतो तो नंबराने. आणि तो सापडल्यावरही कोणत्या रकान्यावर किती विश्वास ठेवायचा, याचा निवाडा करावा लागतो. तो निवाडा करण्याची एक कसोटी आहे: रकाना कुणी भरला आणि चुकला असता तर नुकसान कुणाचे झाले असते, हे विचारणे.

आधी आडनावाचे पाहू. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, ज्याला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि जो 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, उतरलेल्या शेतकऱ्याला वेगळे आडनाव सांगायची सवय असेलच असे नव्हते. तो स्वतःचे नाव सांगे, बापाचे सांगे, गाव सांगे. कारकून ते आपल्या कानाला लागले तसे रोमन अक्षरांत उतरवी. सखारामाचा साकाराम होई, लक्ष्मणाचा लुचिमन होई. पुढे फ्रेंच कायद्याच्या वळणाने चालणाऱ्या नागरी नोंदणीत बापाचे पहिले नाव मुलाचे आडनाव बनले. आज एखाद्या कुटुंबाचे जे आडनाव आहे, ते फार तर त्या पहिल्या माणसाचे पाळण्यातले नाव असते. कोकणातल्या भावकीशी त्याचा काही संबंध नसतो. त्यात आणखी एक गुंता आहे. अग्नीसमोर लागलेले लग्न दीर्घकाळ तिथल्या कायद्याने मानले नाही. अशा जोडप्याची मुले कागदावर अनौरस ठरली आणि काहींच्या नावापुढे आईचे नाव लागले. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे वेगळी असू शकतात, आणि एकच आडनाव असलेली दोन घरे एकमेकांची कुणीही नसू शकतात.

नंबराचे तसे नाही. बेटावर उतरलेल्या प्रत्येकाला स्थलांतर खात्याने एक क्रमांक दिला, आणि तो त्याच्या करारावर, ओळखपत्रावर, पुढे अनेकदा लग्नाच्या आणि मृत्यूच्या दाखल्यावरही उतरत गेला. शोधाची रीत म्हणून उलटी चालते. आजोबांच्या जन्मदाखल्यावरून पणजोबांच्या लग्नदाखल्याकडे, तिथून खापरपणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीकडे, आणि त्या नोंदीत कुठेतरी कडेला लिहिलेला क्रमांक मिळाला की मोका इथल्या वहीतली ती एक ओळ उघडते. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव, उतरल्याची तारीख, कोणत्या मळ्यावर पाठवले ते. एका माणसाचे आयुष्य एका आडव्या रेघेत मावलेले दिसते. 1867 च्या मजूर कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना छायाचित्र चिकटवलेले ओळखपत्र बाळगणे सक्तीचे केले, त्यामुळे काही वंशजांना ओळीबरोबर चेहराही मिळतो.

आता कसोटी लावू. हा क्रमांक मजुराच्या हिताकरता नव्हता. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपयांच्या आसपास मजुरी, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत, या साऱ्याचा हिशेब त्या क्रमांकावर उभा होता. मळा सोडून गेलेल्याला भटक्या ठरवून पकडायचे तरी पोलिस तोच क्रमांक पाहत. क्रमांक, जहाज, तारीख, मळा हे चार रकाने चुकले असते तर कचेरीचा आणि मळेवाल्याचा पैसा बुडाला असता; म्हणून ते काळजीने भरले गेले. गाव आणि जात या रकान्यांच्या चुकीने मात्र तिथे कुणाचेच काही अडत नव्हते. तिथे कानाला जे पडले ते लिहिले गेले. वय तर अंदाजाचेच. वंशजाला सर्वांत हवा असतो तो गावाचा रकाना, आणि नेमका तोच सर्वांत कच्चा आहे. ही या दप्तराची खरी अडचण आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो नैतिक. ज्या दप्तराने माणसांना जखडले, त्याच्यावर विसंबून आपला पूर्वज ओळखायचा का? आक्षेप रास्त आहे. 1871 मध्ये मजुरांची बाजू घेणारे आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या पुढाकाराने 9,401 जुन्या मजुरांनी सह्यांचा अर्ज करून या ओळखपत्रांचा आणि धरपकडीचा जाच गव्हर्नरपुढे मांडला होता. त्यानंतर शाही आयोग नेमावा लागला. पण त्या जाचाचा पुरावाही याच कागदांत आहे. दप्तराचा हेतू वाईट होता म्हणून त्यातला आकडा खोटा ठरत नाही. उलट हेतू कळला की कोणता आकडा खरा धरायचा ते कळते. दुसरा आक्षेप आजच्या काळातला: थुंकीच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी होते, मग वह्या कशाला? चाचणी प्रदेश सांगेल, दूरचा चुलतभाऊही सांगेल. पण तो माणूस कोणत्या जहाजातून आला, कोणत्या मळ्यावर राबला आणि त्याच्या बापाचे नाव काय होते, हे तिला सांगता येत नाही. चाचणीने धागा जोडला तरी गाठ कागदानेच बसते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: गावाचा रकाना कच्चा असेल तर शोध तिथेच संपला का? संपत नाही, पण पुढचे काम कोकणाच्या बाजूला आहे आणि ते वेगळ्या जातीचे आहे. वहीत 'रत्नागिरी' लिहिले असेल तर आजचा सिंधुदुर्गही त्यात धरावा लागतो, कारण तो जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होती, तिचा उल्लेख निराळा येईल. गावाचे नाव मोडकेतोडके असेल तर ते मोठ्याने उच्चारून पाहावे लागते, आणि तालुका, बंदर की वाडी यांपैकी काय सांगितले असेल याचा विचार करावा लागतो. एवढे करून गाव मिळाले तरी 1850 च्या सुमारास तिथे जन्ममृत्यूची नियमित नोंद मिळणे अवघड. रत्नागिरीत जमीन बहुतांशी खोती होती. सारा खोत भरी, कूळ त्याच्या हाताखाली. म्हणून कुळाचे नाव असलेच तर खोताच्या मोडी दप्तरात, नाहीतर पुढच्या काळात कुळांच्या जमिनी नोंदवणाऱ्या बोटखतांत. मोडीत शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि वाचणारे हात आता मोजके. तिथे 'अमुकचा मुलगा तमुक परागंदा' अशी ओळ मिळेल, ही आशा ठेवून बसू नये. मिळू शकते ते एवढेच: वहीतल्या बापाच्या नावाचा माणूस त्या गावात, त्या काळात कूळ म्हणून होता. दोन किनाऱ्यांवरच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या कागदांनी हे एकच सांगितले, तर नाते शक्य आहे असे म्हणता येते. तिसरा कागद मिळाला तर ते बळकट होते. नुसत्या नावसाधर्म्यावर वंशवृक्षाची फांदी जोडणे म्हणजे परक्याच्या पूर्वजाला आपल्या देव्हाऱ्यात बसवणे होय, आणि त्यात खरा पूर्वज कायमचा झाकला जातो.

हा काटेकोरपणा आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याची घोषणा केली. पिढ्यांची साखळी कागदाने दाखवायची म्हटली की मोका इथल्या त्या ओळीला व्यवहारात वजन येते. मॉरिशसने आपली बाजू सांभाळली आहे. कैद्यासारखी माणसे मोजणाऱ्या वह्या तिथे स्वतंत्र देशाने जपल्या, चाळल्या, वंशजांना खुल्या केल्या. महाराष्ट्राची बाजू अजून बंद आहे. कोकणातली बोटखते, खोतांची खासगी दप्तरे, देवस्थानांच्या मानपानाच्या याद्या यांची गाववार सूची झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना त्यासाठी पगारी काम मिळाले, तर निघून गेलेल्यांचा शोध आज अडतो त्या गावाच्या रकान्याशी ताडून पाहायला निदान काहीतरी असेल. गेलेल्यांची नोंद मळेवाल्यांनी त्यांच्या गरजेपुरती केली. उरलेली अर्धी नोंद ज्या गावांतून ते गेले त्या गावांनी द्यायची आहे, आणि ती गावे आपली आहेत.