हिंगाची चौकशी करणारा पोर्तुगीज

सोलापूरच्या किल्ल्यापायी निजामशाही आणि आदिलशाही वर्षानुवर्षे भांडत राहिल्या. १५२४ मध्ये आदिलशहाच्या बहिणीचं, मरियमचं, बुऱ्हाण निजामशहाशी लग्न लागलं ते सोलापुरातच. हुंड्यात कबूल केलेलं सोलापूर मात्र निजामशहाच्या हाती पडलं नाही आणि लढाया जुंपल्या. याच बुऱ्हाणशहाच्या अहमदनगरच्या दरबारी पुढे गोव्याचा एक पोर्तुगीज वैद्य येऊ-जाऊ लागला. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. औषधांची अरबी नावं शहाने त्याला शिकवावीत, लॅटिन नावं त्याने शहाला, असा दोघांचा व्यवहार.

ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. पुढे मुंबई बेटही त्याला खंडाने मिळालं. तिथल्या आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरतं, हे त्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलंय.

त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे हे संवाद आहेत. रुआनो नावाचा नवखा पोथीपंडित शंका काढतो, ओर्ता उत्तरं देतो. छपाईच्या चुका इतक्या, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं! पण आतला माल अस्सल. मिरी, नारळ, धोत्रा, भांग यांची माहिती त्याने वैद्य, हकीम, व्यापारी अशा सगळ्यांकडून काढली. विजयनगरातला एक घोडा पोटात वारा धरायचा म्हणून राजा तो घेईना. मालकाने त्याला हिंग चारून बरा केला आणि राजालाच विकला, हा किस्साही त्यात आहे. आपण स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनविरुद्ध ब्र काढला नसता, असंही तो सांगून टाकतो. ग्रीक ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानण्याची ही हिंमत त्याच्या जडीबुटीच्या माहितीहून मोलाची वाटते. युरोपातला वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याने १५६७ मध्ये ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपभर तो वाचला गेला.

ओर्ताचे आईवडील मूळचे ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती झालेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे छुपेपणाने जुना धर्म पाळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं. तो स्वतः १५६८ मध्ये वारला, म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली गेली.

आज पोर्तुगालमध्ये आल्मादा इथल्या सरकारी रुग्णालयाला आणि पणजीतल्या नगर उद्यानाला त्याचंच नाव आहे.