विमानांच्या जत्रेला जाण्यापूर्वी

आमचे घर पुण्यात लोहगावच्या धावपट्टीपासून फार दूर नाही. सुखोई झेपावले की खिडकीच्या काचा थरथरतात, कुकरची शिट्टी त्या आवाजात बुडून जाते आणि माझी अकरा वर्षांची लेक हातातले टाकून गच्चीकडे धावते. गच्चीत पोहोचल्यावर मात्र ती क्षणभर गोंधळते. चौथ्या वर्षी झालेल्या गालगुंडाने तिच्या डाव्या कानाचे ऐकणे गेले, आणि आवाजाची दिशा ओळखण्यासाठी दोन्ही कान लागतात. मग ती सारे आकाश डोळ्यांनी पिंजून काढते. (गालगुंड हे आपल्याकडे किरकोळ दुखणे समजले जाते. ते क्वचित एका कानाचे ऐकणे कायमचे नेते, आणि सरकारी लसीकरणातील गोवर-रुबेलाच्या लसीत गालगुंडाची लस नसते. आपल्या बालरोगतज्ज्ञांना याविषयी अवश्य विचारावे.)

या मुलीने दहाव्या वाढदिवशी मागणी केली ती ऑशकॉशला जाण्याची. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील हे लहानसे शहर जुलैच्या अखेरीस आठवडाभर विमानांनी भरून जाते. हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची एक संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत स्थापन केली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर भरतो. त्याचे आजचे नाव एअरव्हेंचर. सात दिवसांत सहा लाखांहून अधिक माणसे आणि आसपासच्या धावपट्ट्या धरून दहा हजारांच्या घरात विमाने! पॅरिस किंवा दुबईच्या प्रदर्शनात व्यापाऱ्यांचा वावर अधिक. येथे बरेचसे लोक स्वतःच्या विमानाने येतात आणि त्याच्याच पंखाखाली तंबू ठोकून राहतात. मुलांना घेऊन जायचे तर हीच जत्रा, असे माझे मत आहे.

पण ती जत्रा आवाजाची आहे, आणि माझ्या मुलीला एकच कान आहे. कान-नाक-घसातज्ज्ञांकडे मी गेले ती त्यांनी नकार द्यावा अशी अर्धी इच्छा मनात धरून. त्यांनी नकार दिला नाही. ते म्हणाले, "न्या की. एवढेच ध्यानात ठेवा, की बाकीच्या मुलांजवळ एक कान राखीव असतो, हिच्याजवळ तो नाही." आमच्या साऱ्या नियोजनाचा पाया हे एक वाक्य होते. ज्यांच्या मुलांचे दोन्ही कान उत्तम आहेत, त्यांनीही ते वाक्य सोबत न्यावे असे मला वाटते.

आपल्या आंतरकर्णात, शंखाकृती पोकळीत, सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनिलहरींचे संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात केवळ १५ मिनिटे. हे मोजमाप प्रौढांसाठीचे. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आणखी कडक आहे. आफ्टरबर्नर लावलेले लढाऊ विमान जवळून जाते तेव्हा काही क्षण हे सारे आकडे मागे पडतात.

म्हणून पहिली खरेदी विमानाच्या तिकिटांची नव्हे, तर कानांवरच्या कर्णरक्षकांची केली. हेडफोनसारखे दिसणारे हे साधन मुलांच्या मापाचेच घ्यावे. प्रौढांचे साधन लहान डोक्यावर सैल बसते, आणि जेथे फट तेथे आवाज. खोक्यावर छापलेली घट प्रयोगशाळेतील असते, प्रत्यक्षात ती कमी पडते. चष्म्याची जाड काडी किंवा टोपीची कड गादीखाली आली तर आणखी कमी. टोपी तर हवीच, कारण त्या मैदानावर सावली अगदी थोडी. आम्ही घरी तासभर आरशासमोर उभे राहून तोडगा काढला: पातळ कापडाची टोपी, तिच्यावरून कर्णरक्षकाची पट्टी आणि गाद्या थेट त्वचेवर.

त्याच्या आत फोमची बोंडे घालता येतात. बोंडू बोटांत वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोंडू आत सरकवावे आणि ते फुलेपर्यंत धरून ठेवावे. आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा वाटू लागला की ते नीट बसले. दोन्ही साधने एकत्र वापरल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, जेमतेम पाच डेसिबलची भर पडते. आम्हाला तेवढीही मोलाची होती. फार लहान मुलांच्या हाती मात्र बोंडे देऊ नयेत, ती तोंडात जातात.

सरावासाठी परदेशीच जावे लागते असे नाही. बंगळुरूजवळ येलहंक्याला एक वर्षाआड फेब्रुवारीत 'एअरो इंडिया' भरते. तेथे एक दिवस काढला तर मूल आवाजाला घाबरते का, उन्हात किती टिकते, हे कळते. आम्ही लोहगावच्या गच्चीवरच सराव केला.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. व्हिसाच्या मुलाखतीला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून वर्षभर आधी सुरुवात करावी. ऑशकॉशमधील निवासही तितक्याच लवकर भरतो. आम्ही तेथील विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली घेतली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना अलीकडे प्रवेशशुल्क नाही, हा मोठा दिलासा. प्रवासविमा घेताना मुलाच्या आधीच्या आजाराला संरक्षण आहे का, ते बारीक अक्षरांत वाचावे. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्यावीत. आपले पॅरासिटामॉल तेथे ऍसिटामिनोफेन या नावाने मिळते, हे ठाऊक नसेल तर रात्री औषधाच्या दुकानात उगाच घाबरायला होते. जलसंजीवनीची पाकिटे घरूनच न्यावीत. ताजी फळे नेता येत नाहीत, आणि जो खाऊ नेतो तो उतरल्यावर जाहीर करावा लागतो. आमच्या भाजणीकडे अधिकाऱ्याने बराच वेळ कुतूहलाने पाहिले.

खरा प्रश्न झोपेचा. पुणे आणि ऑशकॉश यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेदहा तासांचे अंतर, म्हणजे दिवसाची जवळजवळ रात्रच. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकते. तेव्हा जत्रा सुरू होण्यापूर्वी किमान तीन दिवस पोहोचावे आणि तरीही मूल पूर्ण रुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. आम्ही गुरुवारी मिलवॉकीत माझ्या मावसबहिणीकडे उतरलो. रोज सकाळी कोवळ्या उन्हात चालणे, दुपारी तासाभराहून अधिक न झोपणे आणि पहाटे तीनला भूक लागली तर उशाशी चिक्की, एवढाच आमचा उपचार. झोपेच्या गोळ्या किंवा मेलॅटोनिन मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. विमान उतरू लागण्यापूर्वी मुलाला जागे करून गोळी चघळायला द्यावी, गिळण्याने कानांतील दाब सुटतो. सर्दीने कान दाटलेले असतील तर निघण्यापूर्वीच ते दाखवून घ्यावेत.

रविवारी बहिणीने आम्हाला मोटारीने फिस्क नावाच्या खेड्यात नेले. जत्रेला येणारी लहान विमाने रिपन गावापासून रेल्वेमार्ग धरून एकामागे एक येथे येतात. गुलाबी सदरे घातलेले वाहतूक नियंत्रक एका उंचवट्यावर बसून त्यांना दुर्बिणीतून ओळखतात. ताशी शंभराहून अधिक विमाने येत असता प्रत्येक वैमानिक बोलू लागला तर गोंधळच व्हायचा. म्हणून नियंत्रक रेडिओवरून विमानाचा रंग आणि प्रकार पुकारतात आणि पंख हलवायला सांगतात. वैमानिक बोलत नाही, विमान डावी-उजवीकडे झुलवतो. झाले उत्तर.

लेक ते पाहत राहिली आणि माझ्या मनातली एक चिंता तिनेच सोडवली. चांगला कान झाकला की तिला काहीच ऐकू येत नाही. लाखांच्या गर्दीत मी हाक मारली तर? "आई, तू पंख हलव," ती म्हणाली. तेव्हापासून आमची खूण ठरली. दोन्ही हात पसरून एकीकडे झुकायचे, मग दुसरीकडे. तिनेही तसेच उत्तर द्यायचे. शिवाय तिच्या मनगटावर माझा दूरध्वनी क्रमांक होताच. ज्यांची मुले उत्तम ऐकतात त्यांनीही अशी खूण ठरवावी, कारण कर्णरक्षक घातलेले प्रत्येक मूल हाकेच्या पलीकडे असते.

पहिल्या दिवशी मी चूक केली. सारे पाहायचे या हव्यासाने आठ वाजल्यापासून तिला चालवले. पुण्याच्या माणसाला २८ अंश म्हणजे काहीच नाही, या भ्रमात मी होते. पण सावलीवाचून डांबरावर घालवलेले सहा तास निराळे असतात. दुपारी तिचे डोके दुखू लागले, पोटात ढवळले, आणि ज्या प्रात्यक्षिकांसाठी आलो ती सुरू झाली तेव्हा आम्ही खोलीत पडदे ओढून जलसंजीवनी घोट घोट पीत होतो. मंगळवारपासून क्रम बदलला. पहाटे लवकर जाग येतेच, तर साडेसहाला मैदानात जायचे. त्या वेळी गवतावर दव असते, तंबूंपुढे कॉफी उकळत असते आणि विमानमालक निवांतपणे मुलांशी बोलतात. उन्हे चढली की संग्रहालयाच्या थंडाव्यात. तेथे राइट बंधूंच्या विमानाची प्रतिकृती आहे. त्यामागच्या जुन्या धाटणीच्या धावपट्टीवर 'किडव्हेंचर' भरते. मुलांना तेथे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेट ठोकता येतात, लाकडी पंखाची फासळी जोडता येते. लेकीने ठोकलेली एक वाकडी रिव्हेट आज आमच्या दर्शनी कपाटात आहे.

दर दोन तासांनी सूर्यरोधक मलम, तहान लागण्यापूर्वी पाणी आणि मळलेले जुने बूट, हे सांगायला नको. दोन गोष्टी मात्र आपल्याकडच्या पालकांना सुचत नाहीत. विस्कॉन्सिनच्या गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यातून लाइम रोग होतो. रात्री मुलाचे पाय, काखा, केस तपासावेत. दुसरे, तेथे गडगडाटी वादळ पाहता पाहता येते. अशा वेळी विमानाच्या पंखाखाली आसरा घेऊ नये, पक्की इमारत किंवा मोटार गाठावी. आणि थांबलेल्या पंख्यालाही, म्हणजे प्रोपेलरला, तो फिरताच आहे असे समजून दूर राहावे. मालकाने सांगितल्यावाचून विमानाला हात लावायचा नाही, हा तेथील शिष्टाचारच आहे.

गुरुवारी ट्रॅक्टरने ओढलेल्या गाडीत कर्णरक्षक विसरले. ध्यानात आले तेव्हा प्रात्यक्षिकांना सुरुवात झालेली, आणि लढाऊ विमानांची पाळी थोड्याच वेळात. पिशवीत बोंडे होती. तिने ती घातली आणि माझ्याकडे पाहिले. बहुतेक मुलांसाठी काही मिनिटांपुरती बोंडे पुरली असती. मी ती राखीव नसलेल्या कानाची गोष्ट आठवली आणि तिला घेऊन निघाले. ती वाटभर रडली. रागाने माझा हातही सोडला. संग्रहालयात एका बाकावर आम्ही बसून राहिलो, आणि भिंतीपलीकडून येणारी गडगड मला ऐकू आली, तिला नाही. मी बरोबर होते की अतिसावध, याचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही.

कर्णरक्षक दुसऱ्या दिवशी हरवले-सापडलेच्या खिडकीवर मिळाले. त्या दुपारी आम्ही धावपट्टीपासून बरेच मागे बसलो. पहिले लढाऊ विमान आले आणि भोवतालच्या शेकडो माणसांनी आवाजाच्या दिशेने माना वळवल्या. तेथे काहीच नव्हते. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर दूरच्या विमानाचा आवाज तीन सेकंदांनी पोहोचतो. तेवढ्यात ताशी ७०० किलोमीटर वेगाचे विमान जवळजवळ ६०० मीटर पुढे गेलेले असते. वेगवान विमानाच्या बाबतीत कान सर्वांनाच फसवतात. माझी लेक त्यांच्या भरवशावर कधी नव्हतीच. तिचे बोट अगोदरच पुढच्या निळ्या तुकड्याकडे रोखलेले होते. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी ते पाहिले, आणि दुसऱ्या फेरीला ते आकाशाकडे न पाहता तिच्या बोटाकडे पाहू लागले.

परतल्यावर पंधरा दिवसांनी श्रवणचाचणी केली. उजव्या कानाचा आलेख जाण्यापूर्वीच्या आलेखावर तंतोतंत बसला. मुंबईच्या विमानतळावर उतरलो त्या रात्री तिचे बाबा कठड्यापलीकडे गर्दीत हाका मारत उभे होते. तिने त्यांना पाहिले, सामानाची ढकलगाडी माझ्याकडे लोटली आणि दोन्ही हात पसरून डावीकडे झुकली, मग उजवीकडे.