व्यापारी इमारतींसाठी ‘थंड छत’: उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

उन्हाळ्यातील दुपारी डांबरी थर दिलेले काळे छत ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. ही उष्णता स्लॅबमधून हळूहळू खाली उतरते आणि ऊन कलल्यानंतरही वरच्या मजल्यावरील वातानुकूलन यंत्रणेवर भार टाकत राहते. गोदामे, बाजारसंकुले आणि बैठ्या कार्यालयांमध्ये छताचे क्षेत्रफळ मोठे असल्याने हा भार विशेष जाणवतो. त्यावरील तुलनेने सोपा उपाय म्हणून सूर्यप्रकाश परतवून लावणाऱ्या ‘थंड छता’कडे पाहिले जाते.

तत्त्व काय आहे?

छत थंड राहण्यासाठी दोन गुण आवश्यक असतात. पहिला परावर्तनाचा, म्हणजे पडलेल्या सूर्यप्रकाशाचा किती भाग परत फेकला जातो याचा. दुसरा उत्सर्जनाचा, म्हणजे शोषलेली उष्णता पृष्ठभाग किती सहज बाहेर टाकतो याचा. केवळ पहिला गुण पुरेसा नाही. चकचकीत धातूचा पत्रा बराच प्रकाश परतवतो, परंतु शोषलेली उष्णता सोडत नसल्याने तो तापतो. पांढऱ्या लेपात हे दोन्ही गुण एकत्र आढळतात. या दोहोंवरून सौर परावर्तन निर्देशांक काढला जातो. त्यात प्रमाण काळ्या पृष्ठभागाला ०, तर प्रमाण पांढऱ्या पृष्ठभागाला १०० अंक दिले जातात.

ही कल्पना भारताला नवी नाही. गच्चीवर चुन्याचा हात देण्याची किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक बसविण्याची पद्धत जुनीच आहे. आता त्यांच्या जोडीला विशेष रासायनिक लेप, पांढऱ्या फरशा आणि पांढरी जलरोधक आवरणे आली आहेत.

बचत किती होते?

हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी हैदराबादमधील व्यापारी इमारतींवर प्रत्यक्ष मोजमापे घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काळे छत पांढरे केल्यावर शीतकरणासाठी लागणाऱ्या विजेत १४ ते २६ टक्के घट झाली. साध्या काँक्रीटच्या छतावर पांढरा लेप दिल्यास वर्षाला प्रति चौरस मीटर १३ ते १४ युनिट वीज वाचू शकते, असा अंदाजही त्यात मांडण्यात आला. या हिशेबाने १,००० चौरस मीटरच्या छतामागे वर्षाकाठी सुमारे १३ हजार युनिटची बचत संभवते.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारने २००७ मध्ये जाहीर केलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत थंड छताची तरतूद होती. २०१७ च्या सुधारित संहितेत कमी उताराच्या छतासाठी किमान ०.६० परावर्तन आणि ०.९० उत्सर्जन हे निकष ठेवण्यात आले. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी स्वतंत्र धोरण आखून सरकारी व व्यापारी इमारतींना थंड छत बंधनकारक केले. राज्यात ३०० चौरस किलोमीटर क्षेत्र अशा छतांखाली आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

मर्यादा

थंड छताचा लाभ मुख्यतः छतालगतच्या मजल्याला मिळतो. त्यामुळे बहुमजली इमारतीच्या एकूण वीजबिलात फरक कमी दिसतो. धूळ, काजळी आणि शेवाळ यांमुळे पांढरेपणा घटतो, म्हणून छत वेळोवेळी धुणे आवश्यक ठरते. उत्तर भारतातील थंडीत ऊन परतवल्याने उबेची गरज काही प्रमाणात वाढू शकते. छताला आधीच जाड उष्णतारोधक थर असल्यास बचतही मर्यादित राहते. लेप देण्यापूर्वी गळती व भेगा दुरुस्त न केल्यास तो लवकर सुटतो.

खरी अडचण मात्र अनेकदा व्यवहाराची असते. भाड्याच्या जागेत लेपाचा खर्च मालकाने करायचा आणि कमी झालेल्या वीजबिलाचा लाभ भाडेकरूला मिळायचा, अशी स्थिती असते. त्यामुळे मालकाला घाई नसते. भाडेकरारात या खर्चाची वाटणी आधीच ठरविणे हा त्यावरील एक मार्ग आहे.

जेथे वातानुकूलन नाही, तेथे बचतीचा हिशेब युनिटमध्ये मांडता येत नाही. पत्र्याच्या शेडखाली दिवसभर राबणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने छताचे तापमान हा वीजबिलाचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे.