डांबरातली राख : ऐकीव आणि खरं

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी. कोळशावरच्या या वीजकेंद्रांच्या भागातल्या माणसाला राख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती येऊन बसते. म्हणूनच ‘ही राख आता डांबरी रस्त्यात घालणार’ असं ऐकलं की फसवणुकीची शंका येते.

‘राख म्हणजे भेसळ.’
डांबरी मालात खडी आणि ग्रिटबरोबर 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी भुकटी, म्हणजे फिलर, लागतेच. एरवी दगडाची भुकटी, चुना किंवा सिमेंट वापरतात. ही भुकटी डांबरात मिसळून जो दाट लगदा होतो, तोच खडीला धरून ठेवतो. नुसतं डांबर मे महिन्याच्या उन्हात मऊ पडतं आणि जड ट्रकांखाली रस्त्यावर चाकोऱ्या उमटतात. भुकटीमुळे ते ताठ राहतं. वीजकेंद्राच्या भट्टीतून धुरावाटे येणारी फ्लाय अ‍ॅश या कामाला चांगली आहे. क्रशरच्या मातकट धुळीत पाण्याने फुगणारी चिकणमाती असू शकते. राखेत ती नसते.

‘मग जितकी राख जास्त, तितका रस्ता टिकाऊ.’
इथेच घात होतो. भुकटीचं वजन डांबराच्या साधारण 0.6 ते 1.2 पट असावं लागतं. त्यापुढे गेलं की माल कोरडा पडतो, रस्ता ठिसूळ होतो, तडे जातात. राख कुठलीही चालते असंही नाही. तिच्यात न जळालेला कोळसा उरला असेल तर तो डांबर पिऊन टाकतो. म्हणून प्रयोगशाळेत राख पुन्हा तापवून वजन किती घटतं ते पाहतात. ही चाचणी टाळणाऱ्या ठेकेदाराचा माल घेऊच नये. भट्टीच्या तळाची जाडसर राख सच्छिद्र असते, चुरडते. जड वाहतुकीच्या वरच्या थरात ती नकोच.

‘राख घातली की खड्डे पडणार नाहीत.’
पाणी साचलं तर पडणारच. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना कमी असतो. म्हणून पाण्याने खडीवरून डांबर सुटण्याचा धोका असेल तिथे चुना वेगळा घालावा लागतो. चाचणीत भिजवलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किमान 80 टक्के भरायला हवी. रोलर माल गरम असतानाच फिरायला हवा, आणि गटार तुंबलेलं नको.

‘राख विषारीच.’
राखेत आर्सेनिक, क्रोमियम अल्प प्रमाणात असतात, आणि मोकळ्या राखेचा धोका खरा आहे. डांबरात घट्ट बांधली गेल्यावर पाण्यात झिरपणं पुष्कळ कमी होतं. जपायला हवं ते डांबरी माल बनवणाऱ्या हॉट मिक्स प्लांटवरच्या कामगाराला: राख बंद टँकरमधून यावी, बंद सायलोत उतरावी, तोंडाला मास्क असावा.

‘यातून राखेचे डोंगर संपतील.’
7 मीटर रुंद, 40 मिलिमीटर जाडीचा एक किलोमीटर थर घ्या. माल साधारण 670 टन. त्यात 5 टक्के राख धरली तरी 33 टन होतात. चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रातून दिवसाला हजारो टन राख निघते. ती खपते सिमेंटमध्ये, विटांमध्ये आणि रस्त्याखालच्या भरावात; दिल्लीत निजामुद्दीन पुलाचा जोडरस्ता 1990च्या दशकात अशाच भरावावर उभा राहिला.