पिल्लू घरी आलं, पण जंतांचं काय?

मुलांच्या हट्टापायी तुम्ही कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंत. गोणपाटाची गादी केलीत, नावही ठेवलंत. आता जरा त्याचं पोट पाहा. नगाऱ्यासारखं फुगलंय? ते बाळसं नव्हे बरं का, बहुधा जंत असतात!

शेवयांसारखे हे पांढरट जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, पुढे तिच्या दुधातूनही. म्हणून पिल्लू दिसायला कितीही गुटगुटीत असलं, तरी गाफील राहू नका. दोन आठवड्यांचं झाल्यापासून दोन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतांचं औषध द्यावं. प्रमाण वजनावर ठरतं, तेव्हा पशुवैद्यांनाच विचारा. मुलांची गोळी अंदाजाने देऊ नका.

जंतांची अंडी पिल्लाच्या विष्ठेतून मातीत पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत, त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. नंतर मात्र ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. रांगत्या बाळाचा मातीचा हात तोंडात गेला, की अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही शिरतात. त्याने नजरही जाऊ शकते.

उपाय साधाच आहे. विष्ठा त्याच दिवशी उचला, वाळूचा ढीग झाकून ठेवा आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. परसातल्या कोंबड्यांनाही गोल जंत होतात, पण ते वेगळे; माणसाला लागत नाहीत.

पिल्लाला हाकलू नका हं. औषध चुकवू नका, एवढंच!