एमडी घेणारे सगळे सारखे नसतात

ड्रग्ज घेणारा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? विस्कटलेले केस, लाल डोळे, पुलाखाली पडलेलं शरीर. पण एमडी घेणारी कितीतरी मुलं कॉलेजला जातात, नोकरी करतात आणि रात्री घरी जेवायलाही येतात. म्हणूनच घरच्यांना उशिरा कळतं.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, म्हणजेच 'म्याव म्याव'. मेंदूला खोटी तरतरी देणारं हे रसायन २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आलं. तरीही २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत धाडी टाकून हजारो कोटींचा साठा पकडला.

घेण्याच्या तऱ्हा

कुणी मित्रांच्या आग्रहाने एकदाच घेतो. कुणी फक्त शनिवारच्या पार्टीत. कुणी मजेसाठी नाही, तर परीक्षेत किंवा नाइट शिफ्टला जागं राहायला, बारीक व्हायला घेतो. त्याला हे व्यसन वाटतच नाही.

चौथी तऱ्हा जास्त घातक. एमडीचा अंमल एक-दोन तासांतच उतरतो, म्हणून पुन्हा, मग पुन्हा. दोन-दोन दिवस झोप नाही, जेवण नाही. नंतर शरीर कोसळतं: प्रचंड झोप, भूक, उदासी, कधी आत्महत्येचे विचारही. काही जण झोप यावी म्हणून दारू किंवा गोळ्या घेतात आणि एकाची दोन व्यसनं होतात.

प्रत्येक जण एका तऱ्हेतून दुसरीत जातोच असं नाही. पण 'मी फक्त वीकेंडलाच घेतो' हे सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्रही नाही. एकदा घेतल्यानेही हृदयाचे ठोके धोकादायक वाढू शकतात.

घरच्यांनी काय करावं?

'घेतोस का?' यापेक्षा 'कधी आणि कशासाठी घेतोस?' हे शांतपणे विचारा. अभ्यासाच्या भीतीने घेणाऱ्याला आणि एकटेपणामुळे घेणाऱ्याला लागणारी मदत वेगळी असते. या व्यसनावर ठरावीक औषध नाही. समुपदेशन हाच मुख्य उपचार. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हेच काम करतं. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

मात्र छातीत दुखणं, झटके, भ्रम किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा दिसली, तर थेट हॉस्पिटल गाठा. लोक काय म्हणतील, हा विचार नंतर.